‘सेवन’ आणि ‘बार’ : तंबाखूविरोधी सरकारी मजकुराचे एक वाचन

महाराष्ट्रात सर्वाधिक ठिकाणी लावलेला आणि सर्वांत कमी वाचला गेलेला मराठी मजकूर कोणता, असे कुणी विचारले तर मी शाळेच्या फाटकाशेजारच्या पाटीकडे बोट दाखवीन. या संस्थेच्या १०० यार्ड परिसरात सिगारेट व अन्य तंबाखूजन्य पदार्थांची विक्री करणे हा दंडनीय अपराध असून त्यासाठी दोनशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, अशा आशयाची ती पाटी असते. गेली काही वर्षे मी अशा पाट्या, पाकिटांवरचे इशारे, शपथा आणि चित्रपटगृहातल्या सूचना एका वहीत उतरवून घेतो आहे. त्यांचा लेखक सरकार आहे, वाचक लहान वयाचा आहे आणि विषय जगण्यामरण्याचा आहे. कवितेला किंवा कादंबरीला आपण जे प्रश्न विचारतो तेच या मजकुरालाही विचारायला हवेत : बोलतो कोण, कुणाशी बोलतो, कोणत्या शब्दांत बोलतो, आणि ज्याच्याशी बोलतो त्याला ते ऐकू येते का?

प्रतिबंधाचे धोरण यशस्वी झाले की फसले, याचा हिशेब मांडण्यासाठी हा लेख नाही. तो हिशेब आरोग्यशास्त्रातली मंडळी मांडतात, आणि त्यात जमेची बाजूही आहे. प्रौढांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातले तंबाखूचे प्रमाण २००९-१० मध्ये ३४.६ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २८.६ टक्क्यांवर आले. याच काळात महाराष्ट्राचा आकडा ३१.४ वरून २६.६ वर उतरला. माझा प्रश्न या आकड्यांच्या पोटात दडलेल्या आणखी एका आकड्याविषयी आहे. २०१६-१७ च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे, म्हणजे खाणारे, चघळणारे आणि दाताला लावणारे, २४.४ टक्के. आपला प्रदेश तंबाखू ओढणाऱ्यांचा नाही, खाणाऱ्यांचा आहे. सरकारी मजकुराचा कल्पित वाचक मात्र बराच काळ सिगारेट ओढणारा माणूस राहिला.

पाकीट आणि पुडी

ही परंपरा १९७५ च्या कायद्यापासून सुरू होते. तो कायदा सिगारेटपुरताच होता. ‘वैधानिक इशारा’ हा शब्दप्रयोग त्यानेच मराठीत रुजवला आणि पुढे विनोदी लेखकांनी आणि एकांकिकावाल्यांनी तो थट्टेसाठी उचलला. इशारा देणारा कोण, तर कायदा. इशारा कशासाठी, तर कायद्यात लिहिले आहे म्हणून. ‘वैधानिक’ या विशेषणानेच वाचकाला कळते की बोलणाऱ्याला मनापासून काही सांगायचे नाही, त्याला एक बंधन पाळायचे आहे. विडी, जर्दा, तपकीर, मशेरी यांना तर ही औपचारिक सूचनाही बराच काळ लागू नव्हती.

२००३ च्या कायद्याने, ज्याला सगळे इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘कोटपा’ म्हणतात, सर्वच तंबाखू उत्पादने कक्षेत घेतली. चित्रमय इशारे ३१ मे २००९ पासून आले. धुराच्या तंबाखूसाठी रोगट फुप्फुसे आणि खाण्याच्या तंबाखूसाठी विंचू, अशी ती पहिली चित्रे होती. विंचवाच्या त्या चित्राचा मी बराच विचार केला आहे. आपल्या भाषेत या रोगाचे नाव कर्करोग, म्हणजे खेकड्याचा रोग. विंचू आपल्या मनात वेगळ्या जागी बसला आहे. एकनाथांच्या भारुडाने त्याला कामक्रोधाचे रूप दिले. शेतात काम करणाऱ्याच्या अनुभवात तो एका क्षणात नांगी मारतो आणि वेदना तत्काळ सुरू होते. तंबाखूचे वागणे याच्या अगदी उलट असते. ती पहिल्या दिवशी डसत नाही, उलट भूक मारते, झोप घालवते, सोबत देते, आणि वीस वर्षांनी वसुलीला येते. जे चित्र वाचकाच्या अनुभवाला खोटे पाडते त्याच्यावर वाचक विश्वास ठेवत नाही. पहिला बार भरून पाहिलेल्या मुलाला विंचू चावलेला नसतो, चक्कर आलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी तीही येत नाही.

पुढे हा मजकूर सुधारला, हे मान्य केले पाहिजे. १ एप्रिल २०१६ पासून इशाऱ्याने पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापला. प्रतीके गेली, प्रत्यक्ष जखमांची छायाचित्रे आली, २०१८ पासून मदतीचा दूरध्वनी क्रमांकही आला. साहित्याच्या भाषेत सांगायचे तर मजकूर रूपकाकडून वास्तवाकडे आला. मोफत क्रमांक छापणे हा मला त्यातला सर्वांत महत्त्वाचा बदल वाटतो, कारण तोवरचा प्रत्येक इशारा एकतर्फी होता. इथे प्रथमच वाचकाला उत्तर देण्याची जागा मिळाली.

पण हा सुधारलेला मजकूर पोचतो कुणापर्यंत? शाळा-कॉलेजातला मुलगा पाकीट घेत नाही, एक सिगारेट घेतो. सुट्या सिगारेटवर इशारा नसतो. हे ओळखून महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट आणि विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. त्या आदेशामागचा तर्क, निदान माझ्या वाचनाप्रमाणे, थेट वाङ्मयीन आहे : मजकूर वाचला जावा म्हणून वस्तू अख्खी विकली जावी. टपरीवर आजही एकच काडी मागितली जाते आणि दिली जाते, हे कुणीही पाहू शकतो.

विदर्भातल्या खर्ऱ्याची आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या माव्याची गोष्ट त्याहून पुढची आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना गिऱ्हाइकासमोर घोटून प्लास्टिकच्या तुकड्यात बांधून दिला जातो. त्याला कारखाना नाही, पाकीट नाही, म्हणून मजकुराला जागाच नाही. जिथे खाणे सर्वाधिक आहे तिथे सरकारचे पान कोरे आहे.

एक क्रियापद

मराठीत तंबाखूला किती क्रियापदे आहेत ते पाहावे. तंबाखू मळतात, खातात, तिचा बार भरतात. विडी ओढतात. तपकीर ओढतात किंवा दाताला लावतात. मशेरी आधी भाजतात, मग लावतात. खर्रा घोटतात. प्रत्येक क्रियापदाबरोबर एक वेळ, एक सोबत आणि एक वय येते. बांधावर बसलेला गडी शेजाऱ्यापुढे तळहात धरतो तेव्हा त्यात विचारपूस असते. चंची उघडणे ही ओळख करून घेण्याची रीत होती. मशेरी सकाळची असते, चुलीजवळची असते, बाईची असते.

सरकारी मराठीत या सगळ्यांसाठी एकच शब्द आहे : ‘सेवन’. तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन. हाच शब्द आपण औषधासाठी आणि प्रसादासाठी वापरतो. तो आदराचा आहे, आणि त्याला चव नाही. पण माझी खरी तक्रार शब्दाच्या सौंदर्याविषयी नाही. जी बाई रोज सकाळी मशेरी लावते ती आपण दात घासतो आहोत असे समजते. ‘तंबाखूचे सेवन करू नका’ हे वाक्य ती ऐकते आणि मान डोलावते, कारण तिच्या मते ते तिच्या नवऱ्याविषयी आहे. तिच्या शेजारी बसून तिच्याच डबीत बोट बुडवणारी मुलगीही ते वाक्य तसेच ऐकते.

२०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुले तंबाखूचा वापर करत असल्याचे आढळले : मुलगे ९.६ टक्के आणि मुली ७.४ टक्के. प्रौढांमध्ये पुरुष आणि स्त्रियांतले अंतर बरेच मोठे आहे, या वयात ते केवढेसे आहे. तरीही मी पाहिलेल्या भित्तिचित्रांमध्ये सिगारेट फेकणारा मुलगाच असतो. मुलगी असलीच तर ती वडिलांना किंवा भावाला विनवणारी असते.

त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा मला अधिक अस्वस्थ करतो. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ५२ टक्के मुलांनी ती दहावा वाढदिवस होण्याआधी सुरू केली होती. विडीच्या बाबतीत हे प्रमाण ४७ टक्के आणि सिगारेटच्या बाबतीत ३८ टक्के होते. दहा वर्षांपूर्वी, म्हणजे चौथी-पाचवीच्या आत. कायद्याची रेषा अठराव्या वर्षी आहे. या दोहोंमधल्या आठ वर्षांना उद्देशून सरकारकडे कोणता मजकूर आहे?

दोनशे रुपये आणि सात वर्षे

कायद्याच्या दोन ओळी शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. ‘कोटपा’च्या सहाव्या कलमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे गुन्हा आहे, शिक्षा दोनशे रुपयांपर्यंत दंड. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७७ व्या कलमानुसार मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणे गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. दुसऱ्या कलमात ‘विकणे’ नाही, ‘देणे’ आहे. त्याचा शब्दशः अर्थ लावला तर नातवाच्या तळहातावर चिमूटभर तंबाखू ठेवणारा आजोबाही त्यात येतो.

पहिली शिक्षा इतकी हलकी आहे की टपरीवाला तिला धंद्याचा खर्च समजेल. दुसरी इतकी जड आहे की ती लावायला कुणाचा हात धजावणार नाही. मधली भाषा कायद्याला सापडलेली नाही, आणि मुलाचे सगळे जगणे त्या मधल्या जागेत आहे. ‘जा रे, पुडी घेऊन ये’ हे वाक्य अनेक घरांत मुलाला मिळालेली पहिली जबाबदारी असते. तो पैसे मोजायला शिकतो, उरलेले परत आणायला शिकतो आणि पुडीचा वासही शिकतो. टपरीवाल्याला त्याचे वय विचारण्याचा प्रश्न येत नाही, कारण तो त्याला नावाने ओळखतो.

आणि त्या १०० यार्डांचे काय? नियमांप्रमाणे हे अंतर शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंना मोजायचे असते. मीटरमध्ये ते ९१.४४ भरते. आपल्या पोरांना यार्ड फक्त क्रिकेटच्या खेळपट्टीमुळे माहीत आहे. त्या हिशेबाने साडेचार खेळपट्ट्या. पाटीवर ‘साडेचार पिचांच्या आत’ असे लिहावे, असे मी गमतीने म्हणत नाही. ज्या नियमाचे माप मुलाला डोळ्यांनी मोजता येते तो नियम मोडल्याचे त्याला दिसते. २०१९ च्या तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत शाळेपासून १०० यार्डांवर पिवळी रेषा आखण्याचा निकष आहे. मला तो आवडतो. ती रेषा वाचायला अक्षरओळख लागत नाही, आणि रस्त्यावर आखलेली असल्यामुळे तिच्या आतली टपरी लपत नाही. या साऱ्या कार्यक्रमातले हे सर्वांत चांगले वाक्य आहे, आणि त्यात एकही शब्द नाही. अडचण एवढीच की रेषा पुसट होते आणि टपरी होत नाही.

काळोखातला आवाज

२ ऑक्टोबर २०१२ पासून तंबाखूची दृश्ये असलेल्या चित्रपटांना सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्यविषयक लघुफिती दाखवणे आणि दृश्य चालू असताना पडद्याच्या तळाशी इशारा देणे बंधनकारक झाले. २०१३ मध्ये वुडी ॲलन यांनी ‘ब्लू जास्मिन’ याच कारणाने भारतात प्रदर्शित होऊ दिला नाही. अनुराग कश्यप यांनी ‘अग्ली’च्या निमित्ताने मुंबई उच्च न्यायालय गाठले. कलावंताच्या स्वातंत्र्याचा वाद रंगला, तो रंगायलाही हवा होता. पण ज्याच्यासाठी हे सारे चालले होते तो प्रेक्षक ते कसे ऐकतो, हा प्रश्न त्या वादात मागे पडला.

‘मुकेश’ या नावाने सर्वांना ठाऊक असलेली फीत घ्या. एक तरुण सांगतो की आपण वर्षभरच गुटखा खाल्ला होता आणि आता आपली शस्त्रक्रिया होणार आहे. शेवटी कळते की तो चोविसाव्या वर्षी गेला. सरकारी मजकुरात प्रथमपुरुषी एकवचन इतक्या ताकदीने क्वचितच आले असेल. इथे ‘वैधानिक’ काही नाही. बोलणारा आपल्या वयाचा आहे, आपल्यासारखा अडखळतो, आणि त्याला अजून आशा आहे. आपण ऐकतो आहोत त्या क्षणी तो नाही, ही त्या फितीची खरी धार.

तिचे पुढे काय झाले? चित्रपटांआधी, मध्यंतरानंतर, पुन्हा पुन्हा ती लागत राहिली. कॉलेजातली मुले ती तोंडपाठ म्हणू लागली, तिच्या नकला झाल्या, विनोद झाले. लोक याला तरुणांचा निर्ढावलेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. साक्ष एकदा ऐकायची असते. तीच साक्ष शंभर वेळा लावली की तिचे आवर्तन होते, आणि आवर्तनातला शब्द अर्थाने ऐकू येत नाही, तालाने ऐकू येतो. दोष ऐकणाऱ्यांचा नाही, मांडणी करणाऱ्यांचा आहे. एका मृत तरुणाच्या बोलण्याची थट्टा व्हावी अशी परिस्थिती आपण निर्माण केली, याची खंत कार्यक्रम आखणाऱ्यांना वाटायला हवी. दर चार महिन्यांनी नवा माणूस, नवी बोली, नवे गाव ऐकवणे अवघड नव्हते. दुर्दैवाने साक्षीदारांची कमतरता आपल्याकडे नाही.

जे लिहिलेच गेले नाही

सरकारी मजकुरातली सर्वांत मोठी गाळलेली जागा सुपारीची आहे. सुपारी स्वतःच कर्ककारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले. तोंड हळूहळू उघडेनासे होण्याचा जो विकार दंतवैद्यांना तरुण मुलांत दिसतो त्याचे मुख्य कारण सुपारी आहे. पण कार्यक्रमाचे नाव ‘तंबाखूमुक्त’. शाळेसमोरच्या दुकानातली रंगीत वेष्टनातली गोड सुपारी तंबाखूजन्य नाही, म्हणून ‘कोटपा’ची पाटी तिच्याविषयी गप्प राहते. महाराष्ट्रात अन्नसुरक्षा कायद्याखाली २०१२ मध्ये गुटखाबंदी आली आणि पुढे सुगंधित सुपारीही त्या आदेशात आली, हे खरे. पण ती बंदी अन्न व औषध प्रशासनाच्या आदेशात राहते. शाळेच्या भिंतीवर आणि शपथेत ती उतरत नाही. दहा वर्षांच्या मुलाला सुपारी आणि गुटखा यांच्यातली पायरी दिसत नाही, आणि त्याला ती दाखवणारे वाक्य कुठेच लिहिलेले नाही.

बाजाराने मात्र ही पायरी नीट ओळखली. गुटख्यावर बंदी आल्यावर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, अशी जोडपुडी निघाली. जाहिरातीवर बंदी आल्यावर त्याच नावाने वेलचीच्या जाहिराती निघाल्या. त्या जाहिरातींत नामवंत नट, ऐश्वर्य, मैत्री, केशराचा सुवास असतो. तिथे मृत्यू नाही, रोग नाही, ‘सेवन’ नाही. तरुणाला त्या जाहिराती सांगतात, तू कोण होऊ शकतोस. सरकार त्याला सांगते, तू कसा मरशील. सतरा वर्षांच्या मुलाला मृत्यूची भीती घालणे हा वयाचा अजमास चुकल्याचा पुरावा आहे. त्याला त्या वयात तोंडाच्या वासाची लाज वाटते, धाव कमी पडल्याचा राग येतो, पोलीस भरतीच्या मैदानावर दम लागल्याचे दुःख होते. हे सारे आजचे आहे. कर्करोग परवाचा आहे.

शपथेचेही असेच. राष्ट्रीय कार्यक्रमातली शपथ मुलाकडून दोन गोष्टी वदवून घेते : मी आयुष्यात तंबाखू वापरणार नाही, आणि कुटुंबीयांना व परिचितांना वापरू देणार नाही, म्हणजे तसे प्रवृत्त करीन. पहिली गोष्ट ठीक. दुसरीत सरकारने आपले काम मुलाच्या खांद्यावर दिले आहे. ज्या घरात बापाच्या कमाईवर चूल पेटते त्या घरात नऊ वर्षांच्या मुलीने बापाला प्रवृत्त करायचे आहे. काही मुली ते करतात आणि काही बाप ऐकतात. अशी उदाहरणे खरी आहेत आणि हृद्य आहेत. तरीही लेकीच्या डोळ्यांतले पाणी हे शासकीय साधन होऊ नये, असे मला वाटते.

दुसरी परंपरा

मग बोलायचे कसे? याचे उत्तर मराठीला बाहेरून आणावे लागत नाही. गाडगेबाबा कीर्तनात घोषणा देत नसत, प्रश्न विचारत. समोरच्या माणसाकडून उत्तर घेत, त्या उत्तराला पुन्हा प्रश्न जोडत, आणि श्रोता स्वतःच्याच तोंडून निघालेल्या वाक्यापाशी अडकत असे. अनिल आणि अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसनी माणसाला गुन्हेगार म्हटले नाही आणि बिचाराही म्हटले नाही, त्याला बोलू दिले. दोन्हीकडे ऐकणाऱ्याला बोलणारा करण्याची रीत आहे.

सरकारी कार्यक्रमात ही रीत मला गडचिरोलीत दिसते. राज्य सरकार, डॉ. अभय आणि राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने तिथे २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ चालू आहे. दारूबरोबर तंबाखूही त्यात आहे, आणि तिथली तंबाखू म्हणजे मुख्यतः खर्रा. जनजागृती, व्यसनमुक्तीचे उपचार आणि कायद्याची अंमलबजावणी यांच्या जोडीला गावाचे संघटन हा या उपक्रमाचा आधार आहे. गावाने बसायचे, बोलायचे आणि आपल्या हद्दीत काय विकू द्यायचे ते ठरवायचे. इथे मजकुराचा वाचक बदलला. एकटा मुलगा जाऊन तिथे ‘आपण’ आला. आणि शब्दही बदलला : तिथे खर्ऱ्याला खर्राच म्हणतात.

यात अडचणी नाहीत असे नव्हे. गावाने बंद केलेला खर्रा शेजारच्या गावातून येतो. जिल्ह्याला १९९३ पासून दारूबंदीच्या चळवळीचा वारसा आहे, तो उसना देता येत नाही. नांदेडला किंवा ठाण्याला हाच नमुना जसाच्या तसा चालेल असा दावा मी करणार नाही. पण त्यातले तत्त्व चालेल : ज्याला सांगायचे त्याच्या शब्दांत सांगावे, आणि ज्याच्या हातात खरोखर काही आहे त्याला सांगावे. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात फारसे काही नसते. त्याला पुडी आणायला पाठवणाऱ्याच्या, ती विकणाऱ्याच्या आणि दोनशे रुपयांचा दंडसुद्धा वसूल न करणाऱ्याच्या हातात पुष्कळ असते.

२०२३ पासून केंद्र सरकार ‘तंबाखूमुक्त युवा’ नावाने साठ दिवसांच्या मोहिमा काढते. त्यांत शपथा होतात, फेऱ्या निघतात, निबंध लिहिले जातात. निबंधाचा विषय बहुधा ‘तंबाखूचे दुष्परिणाम’ असतो, आणि मुले पुस्तकातले दुष्परिणाम सुवाच्य अक्षरात उतरवून देतात. एखाद्या वर्षी तो बदलून ‘आमच्या घरातली तंबाखू’ असा देऊन पाहावा. बक्षीस ठेवू नये, नाव लिहायला लावू नये, आणि वाचून झाल्यावर कुणाला शिक्षाही करू नये. मशेरीची डबी कुठे असते, पुडी कोण आणते, पहिली चिमूट कुणी दिली आणि तेव्हा सगळे का हसले, हे त्या वह्यांतून कळेल. इतकी वर्षे सरकार लिहीत आले आणि मुले वाचत, किंवा न वाचत, आली. आता मुलांनी लिहावे आणि सरकारने वाचावे.